एकट्यानं पॉडकास्ट करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत राहून घरातूनच मुलाखतींचा मराठी पॉडकास्ट करते. माझे पाहुणे म्हणजे कारागीर, शेतकरी, लोककलावंत, निवृत्त शिक्षक. स्टुडिओ नाही, मदतनीस नाही. नवीन पॉडकास्ट सुरू करणारे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. उत्तरं माझ्या कामातून आलेली आहेत, त्यामुळे एकट्यानं आणि कमी खर्चात काम करणाऱ्यांना ती जास्त लागू पडतील.

सुरुवात नुसत्या मोबाइलवर करता येईल का?

येईल, आणि करावीच. पहिले चार-पाच भाग फोनवर केल्याशिवाय आपल्याला काय कमी पडतंय हेच कळत नाही. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गप्पांत कुणाचा तरी फोन येतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत अंतरावर तो पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवा. हातात धरू नका, बोटांची घासाघास सगळी रेकॉर्ड होते. फोनचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो, ती कड बोलणाऱ्याकडे करा.

यानंतर पहिला खर्च करायचा तो कॉलरला लावायच्या माइकवर. बोयाचा बीवाय-एम१ हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्याची वायर सहा मीटर लांब असते. फोनला जोडताना त्याच्या डबीवरचं बटण स्मार्टफोनच्या बाजूला आहे ना, एवढं बघा. ते कॅमेऱ्याकडे राहिल्यामुळे माइक बिघडला असं समजणारे कितीतरी जण मला भेटलेत. फोनला हेडफोनचं गोल छिद्र नसेल तर जोडणी वेगळी घ्यावी लागेल.

चांगला माइक घ्यायचा झाला तर डायनॅमिक की कंडेन्सर?

घरात रेकॉर्ड करणार असाल तर डायनॅमिक. कंडेन्सर माइक फार हळवा असतो. शेजारच्या कुकरची शिट्टी, खालून गेलेली रिक्षा, पाण्याची मोटर, सगळं तो इमानेइतबारे टिपतो. स्टुडिओत हाच त्याचा गुण असतो, आपल्या घरांत तो दोष ठरतो. डायनॅमिक माइकला समोरचं आणि जवळचं ऐकू येतं, बाकीचं तो बऱ्यापैकी सोडून देतो.

सॅमसनचा क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स हे दोन्ही यूएसबीनं थेट लॅपटॉपला लागतात आणि पुढं इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) घेतलात तर एक्सएलआर केबलनंही (स्टुडिओतल्या माइकची वायर) चालतात. एकट्या माणसासाठी मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते, कारण माइक एकदाच घ्यावा लागतो. यूट्यूबवर सगळ्यांच्या तोंडापुढं दिसणारा शूअरचा एसएम७बी सुंदर माइक आहे, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे त्याचा आवाज तेवढा वर चढवावा लागतो. स्वस्त इंटरफेसला तो जोडला की आवाज वर आणताना खरखरही वर येते. म्हणजे माइकसोबत चांगला इंटरफेसही आला. ते पैसे आधी गावोगाव फिरण्यावर खर्च करा.

खोलीत आवाज घुमतो. फोम लावावा का?

आधी कपाट उघडा.

खरंच सांगते. आवाज घुमतो तो उघड्या भिंती, फरशी आणि काचा यांच्यामुळे. आपली घरं म्हणजे शहाबादी किंवा टाइल्सची फरशी आणि गिलावा केलेल्या कोऱ्या भिंती, त्यामुळे टाळी वाजवली की टणटणीत उत्तर येतं. बाजारातले पातळ फोमचे चौकोन वरच्या पट्टीतला थोडा आवाज शोषतात, खालचा घुमारा तसाच राहतो. जाड, जड, सुती कापड जास्त काम करतं, आणि आपल्याकडे त्यासाठी गोधडीइतकी चांगली वस्तू नाही. जुन्या साड्यांचे पाच-सहा थर एकत्र शिवलेले असतात. दोन गोधड्या दोरीवर टाकून बोलणाऱ्याच्या पाठीमागं आणि एका बाजूला टांगा, एक टेबलावर पसरा, एक पायाखाली. माइक ज्या दिशेला ऐकतो तिकडचं कापड जास्त महत्त्वाचं, म्हणजे बोलणाऱ्याच्या मागचं. माझं पहिलं वर्ष साड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून गेलं आणि ते भाग आजही ऐकायला बरे वाटतात.

पंखा बंद करावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेपाचला बसा, किंवा दर दहा मिनिटांनी थांबून पंखा लावा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही.

'फ', 'भ' म्हणताना माइकवर फटकारा बसतो. काय करावं?

प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटून उघडतात आणि हवेचा झोत बाहेर पडतो. फ आणि भ महाप्राण, म्हणून त्यांचा झोत मोठा. 'भाकरी', 'फार', 'भाऊ' या शब्दांवर हमखास फटका बसतो. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे, चार बोटं ते एक वीत अंतरावर ठेवा, म्हणजे झोत माइकच्या बाजूनं निघून जातो. फोमची टोपी किंवा जाळी लावा. 'चाक', 'चटणी', 'जास्त' यांतले दंत्य च आणि ज, शिवाय स, कानाला टोचत असतील तर माइक थोडा खाली, हनुवटीच्या पातळीवर घ्या. एडिट करताना डी-एसर, म्हणजे असे टोचणारे आवाज दाबणारं साधन, वापरता येतो, पण जपून. जास्त झाला की माणूस बोबडा वाटायला लागतो.

पाहुण्यांच्या घरी किंवा शेतावर रेकॉर्डिंग कसं करावं?

माझं निम्मं काम असंच होतं. त्यामुळे यावर जरा सविस्तर.

वेळ पाहुण्यांच्या सोयीनं ठरवा. खरिपाच्या पेरणीत शेतकऱ्याला दोन तास मागणं बरं नाही, आणि आषाढी वारीच्या दिवसांत वारकरी घरी सापडत नाहीत. मी अशा मुलाखती दिवाळीनंतर लावते.

पोहोचल्यावर लगेच यंत्रं काढू नका. चहा होऊ द्या. तेवढ्या वेळात कान उघडे ठेवून घर ऐका: पत्र्याचं छप्पर आहे का, गोठा किती जवळ आहे, लाइट गेल्यावर जनरेटर कुठं लागतो. बाहेर बसायचं झालं तर वाऱ्याकडे पाठ करा आणि माइकला केसाळ टोपी घाला. उघड्या माइकवर आलेला वारा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं धड निघत नाही. कोंबड्याचं आरवणं, दूरची घंटा, कोकीळ हे मात्र राहू द्या. ऐकणाऱ्याला त्यातून जागा दिसते.

बोलणं संपल्यावर सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसायला सांगा आणि नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिट करताना दोन वाक्यांच्या मधे लावायला ही शांतता लागते. एकदम निःशब्द तुकडा घातला तर कानाला खड्डा जाणवतो.

आणि रेकॉर्डरवर पहिलं वाक्य असं घ्या: आज तारीख किती, आपण कुठं आहोत, तुमचं नाव काय, आणि हे बोलणं पॉडकास्टमध्ये द्यायला तुमची परवानगी आहे का. फॉर्मवर सही घ्यायला गेलं की जुनी माणसं बिचकतात, कागदाचा त्यांचा अनुभव चांगला नसतो. तोंडी विचारलं की मोकळेपणानं उत्तर देतात.

पाहुणे दुसऱ्या देशात असतील तर?

रिव्हरसाइड किंवा झेनकास्टर यांसारख्या सेवा दोन्ही बाजूंचा आवाज ज्याच्या त्याच्या यंत्रावर रेकॉर्ड करून नंतर वर चढवतात, त्यामुळे मधेच नेट अडखळलं तरी रेकॉर्डिंग शाबूत राहतं. वयस्कर पाहुण्यांना हे जमत नसेल तर बोलणं व्हॉट्सअॅप कॉलवर करा, आणि त्यांना दुसऱ्या फोनवरचा साधा रेकॉर्डर सुरू करून जवळ ठेवायला सांगा. सुरुवातीला त्यांनी एक टाळी वाजवायची. दोन फायली जुळवताना ती खूण सापडते. फाइल पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे जशी आहे तशीच येते. कानात इअरफोन हवाच, नाहीतर तुमचा आवाज त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरतो.

रेकॉर्डिंगची सेटिंग कोणती ठेवावी?

वाव (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक माणसाचा वेगळा मोनो (एकेरी) ट्रॅक. एका ट्रॅकचे तासाला साधारण ५२० एमबी होतात. बोलण्यातला सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतपत गेन ठेवा. लोक हसताना एकदम मोठा आवाज करतात, म्हणून पातळी ठरवताना पाहुण्यांना हसवा.

रेकॉर्डिंग हरवू नये म्हणून काय करता?

दुसऱ्या वर्षी मी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका आजोबांशी दीड तास बोलले. कातडं कमावण्यापासून वेणीपर्यंत सगळं त्यांनी सांगितलं. शेवटच्या दहा मिनिटांत रेकॉर्डरची बॅटरी संपली आणि फाइल नीट बंदच झाली नाही. काहीही परत मिळालं नाही. आजोबा पुन्हा बसले, तेवढेच प्रेमानं बोलले, पण पहिल्यांदा आठवून आठवून सांगितलेलं ते दुसऱ्यांदा पाठ केल्यासारखं आलं. त्या दिवसापासून रेकॉर्डरसोबत फोनही चालू असतो, बॅटऱ्या प्रत्येक मुलाखतीला नव्या घालते, आणि दर अर्ध्या तासानं थांबून फाइल बंद करून नवी सुरू करते.

घरी आल्यावर तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. तिन्ही झाल्याशिवाय मेमरी कार्ड पुसायचं नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग पाहुण्यांचं नाव आणि गाव घाला, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. प्रकाशित केलेली एमपी३ ही मूळ प्रत नव्हे. मूळ वाव जपून ठेवा. पंधरा वर्षांनी त्या घरातल्या नातवंडांना तीच हवी असेल.

एडिटिंग कशात करावं आणि किती वेळ लागतो?

ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. रीपर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरची वैयक्तिक परवाना किंमत ६० डॉलर आहे. दहा-बारा भाग झाल्यावर ते शिका, हात फार भरभर चालतो. मला एका तासाच्या रेकॉर्डिंगमागं साधारण चार तास लागतात.

माझा क्रम असा. आधी काहीही न कापता पूर्ण ऐकते, कागदावर वेळा टिपते. मग मोठे तुकडे काढते. मग ८० हर्ट्झच्या खालची घरघर कापते, आवश्यक तेवढाच नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणं) देते, साधारण ३:१ प्रमाणात कॉम्प्रेशन (मोठ्या आणि लहान आवाजांतला फरक कमी करणं), आणि शेवटी पातळी. नॉइज रिडक्शनचा हव्यास करू नका. तो वाढवला की स, श, ह ही अक्षरंही गोंगाट समजून खाल्ली जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. थोडी खरखर राहिलेली चालते.

पाहुण्यांची बोली, अडखळणं, 'म्हंजे', 'आता काय' हे काढून टाकावं का?

अडखळणं थोडं कमी करा. बोलीला हात लावू नका.

ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली बोलणाऱ्या माणसांना शाळेपासून 'शुद्ध बोल' म्हणून गप्प केलेलं असतं. माइक दिसला की ती आपसूक पुस्तकी मराठीत शिरतात आणि निम्मं सांगायचं राहून जातं. मी त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगते की घरी बोलता तसंच बोला, आणि पहिला प्रश्न स्वयंपाकाबद्दल किंवा लहानपणच्या खेळाबद्दल विचारते. तिथं पुस्तकी शब्द सापडतच नाहीत. एखादा शब्द इतरांना कळणार नाही असं वाटलं तर मधे माझ्या आवाजात अर्थ सांगते. विचार करताना घेतलेली शांतता पण ठेवा. दोन सेकंदांचा विराम कापला की उत्तर घाईचं वाटतं.

आवाजाची अंतिम पातळी किती ठेवावी?

अॅपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलकेएफएसच्या आसपास, एका डेसिबलच्या फरकानं, आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी आहे. एलकेएफएस म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप; एलकेएफएस आणि एलयूएफएस एकच समजा. मी सगळीकडे उणे १६ च देते. मोनो फाइल असेल तर उणे १९ एलयूएफएस हीच कानाला तेवढी पातळी असते, कारण तोच आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला दुहेरी मोनो समजण्याचा पर्याय आहे, तो निवडलात तर हा हिशेब करावा लागत नाही.

एमपी३ करताना मोनो ६४ ते ९६ केबीपीएस बोलण्याला पुरते. ६४ ला अर्ध्या तासाचा भाग साधारण साडेचौदा एमबी होतो. ज्यांचा रोजचा डेटा संपत आलेला असतो अशा ऐकणाऱ्यांसाठी हा फरक खरा असतो.

सुरुवातीला जुनं मराठी गाणं वाजवलं तर चालेल का? तीस सेकंद चालतात म्हणे.

असा तीस सेकंदांचा कुठलाही नियम कायद्यात नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, आणि लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तिन्ही हक्क वेगवेगळे असतात. १९५५ ची तबकडी म्हणून ध्वनिमुद्रण मोकळं झालं असलं तरी गीतकार १९७७ साली गेले असतील तर शब्द मोकळे झालेले नाहीत.

तुकारामांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या गायकानं लावलेली चाल आणि त्याचं ध्वनिमुद्रण तसं नाही. सोपा मार्ग म्हणजे गावातल्या पखवाजवाल्याला किंवा पेटीवाल्याला मानधन देऊन वीस सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या आणि लेखी परवानगी ठेवा. मुलाखतीत एखाद्या आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या तर त्या वापरण्याची परवानगी वेगळी विचारा. गाणाऱ्याचाही स्वतःच्या सादरीकरणावर कायद्यानं हक्क असतो.

होस्टिंग कुठं करावं? थेट स्पॉटिफायवर टाकलं तर पुरत नाही का?

पॉडकास्ट म्हणजे एक आरएसएस फीड, म्हणजे अॅप्सना वाचता येणारी तुमच्या भागांची यादी. तुमचे भाग होस्टिंगवर, म्हणजे फायली ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या सेवेवर, राहतात, होस्टिंग एक फीडचा पत्ता देतं, आणि अॅपल, स्पॉटिफाय आणि बाकीची अॅप्स त्या पत्त्यावरून भाग उचलतात. २००४ पासून हीच रचना चालत आलेली आहे आणि तिच्यामुळेच पॉडकास्ट कुणा एका कंपनीच्या ताब्यात जात नाही. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं, तेव्हा ज्यांचा फीड शाबूत होता त्यांचा एकही भाग गेला नाही. ऐकणारे दुसऱ्या अॅपवर गेले.

म्हणून होस्टिंग निवडताना मी तीन गोष्टी विचारते. फीडमध्ये माझा ईमेल आहे का? बऱ्याच ठिकाणी मालकीची खात्री त्यावरच होते. फीड उचलून दुसरीकडे न्यायचा झाला तर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय, देतात का? आणि महिन्याचे पैसे थांबले तर जुने भाग राहतात की काढले जातात? फुकट होस्टिंगमध्ये स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स आहे, पैसे देऊन बझस्प्राउट, पॉडबीन, ट्रान्झिस्टर आहेत. सर्व्हर सांभाळता येत असेल तर कॅस्टोपॉड हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतः चालवता येतं. होस्टिंग बदलताना जुना रीडायरेक्ट निदान महिनाभर चालू ठेवा.

फीडच्या भाषेत मराठी निवडायला विसरू नका. कितीतरी मराठी पॉडकास्ट इंग्रजी म्हणून नोंदलेले असतात, कारण आधीपासून भरलेला तो रकाना कुणी बदलत नाही.

मुखचित्र आणि वर्णन?

मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. नाव मोठ्या देवनागरीत लिहा आणि फोनवर अंगठ्याएवढं करून वाचता येतं का बघा. जोडाक्षरं आणि वेलांट्या लहान आकारात चटकन बुजतात. वर्णन मराठीतच लिहा, पण पाहुण्यांचं नाव आणि विषय एकदा रोमन लिपीतही द्या. मराठी ऐकणारे पुष्कळजण शोधताना रोमनमध्येच टाइप करतात.

यूट्यूबवर टाकावं का?

हो. माझे निम्म्याहून जास्त ऐकणारे तिथं आहेत. एक स्थिर चित्र पुरतं, कॅमेरा लागत नाही. कॅमेरा आला की माझे पाहुणे पदर नीट करतात, टोपी घालतात आणि बोलणं आखडतं, म्हणून मी तो टाळते. फक्त यूट्यूबवर असणं आणि फीडच नसणं मात्र नको.

किती दिवसांनी भाग द्यावा?

तुम्हाला झेपेल तेव्हा, पण आधी सांगून. मी वर्षात आठ-आठ भागांची दोन सत्रं करते आणि पहिला भाग देण्याआधी निदान चार भाग तयार ठेवते. सकाळी सहाला प्रकाशित करते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, आणि तिथली मराठी मंडळी जेवणानंतरची भांडी आवरताना ऐकतात, असं त्यांनीच कळवलंय.

पैसे मिळतात का?

थोडे. ऐकणाऱ्यांनी यूपीआयवर पाठवलेल्या रकमेतून माझा प्रवासखर्च निघतो. प्रायोजक घेतलात तर ते स्पष्ट सांगा. भारताच्या जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे, आवाजाच्या माध्यमात जाहिरात असल्याचं सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगावं लागतं. मिळालेली रक्कम उत्पन्नात दाखवा.

भाग प्रकाशित झाल्यावर पाहुण्यांनी तो काढायला सांगितलं तर?

काढा, त्याच दिवशी. माझ्याकडे दोनदा असं झालं. एकदा भावकीतल्या जमिनीचा उल्लेख होता, तेवढी दोन मिनिटं कापून भाग पुन्हा चढवला. होस्टिंगवर त्याच भागाची फाइल बदलायची, नवा भाग करायचा नाही. म्हणजे त्याची ओळख तीच राहते आणि ऐकणाऱ्यांना तो दुसऱ्यांदा दिसत नाही. यूट्यूबवरची प्रत वेगळी काढावी लागते. दुसऱ्या वेळी पूर्ण भाग उतरवला. ज्यांनी आधीच डाउनलोड केलाय त्यांच्या फोनमधून तो काढता येत नाही, हे मी पाहुण्यांना आता मुलाखतीच्या आधीच सांगते. त्या भागाचं मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी नेऊन दिलं.